फिश टँक कललाय? पाचर मारण्याआधी पट्टी घ्या

सप्टेंबरातला रविवार. पाणी बदलून झालं, बादल्या उपड्या घातल्या आणि टँकसमोर टेकलो, तेव्हा दिसलं की पाण्याची रेघ आणि काचेच्या वरच्या काठावरची काळी पट्टी समांतर नाहीत. उजवीकडे फट मोठी, डावीकडे लहान. मार्चमध्ये हाच टँक मी स्वतः पाणसळ लावून बसवला होता, बुडबुडा अगदी मधोमध. आता पहिला विचार आला तो सगळ्यांनाच येतो: डावीकडच्या पायाखाली लाकडाची पाचर ठोकली की झालं. मी ती ठोकली नाही यात शहाणपण काही नव्हतं, हातोडी शेजाऱ्यांकडे गेलेली होती.

स्टँड करून देणाऱ्या वेल्डरला फोन लावला. तो म्हणाला, "फरश खाली गेली का स्टँड वाकला, आधी थे पाहून घ्या ना भाऊ. मी त काय, पट्टी वेल्डिंग करून देतोच." धंदा सोडून त्याने सल्ला दिला, आणि तो बरोबर होता.

उतार वेगळा, पीळ वेगळा

माझा टँक ४ फूट लांब, दीड फूट रुंद, २ फूट उंच. काच १० मिमी. म्हणजे १२ घनफूट, काठोकाठ भरला तर ३४० लिटर. वर दीड-दोन इंच मोकळे सोडले तरी पाणी, काच, खडी आणि लोखंडी स्टँड मिळून साडेचारशे किलोच्या आसपास जातं. एवढं वजन एका बाजूला कललं की पोटात गोळा येणारच. पण टँक एका बाजूला ६ मिमी खाली गेला, तर तिथलं पाणी फार तर तेवढंच जास्त खोल होतं. तळाच्या दाबात फरक पडतो एखाद्या टक्क्याचा. एवढ्याला काच भीक घालत नाही.

काच फुटते ती पिळामुळे. चार पायांच्या स्टुलाचा एक पाय आखूड असला की स्टूल डुगडुगतं. टँकच्या स्टँडचा एक पाय अधांतरी राहिला तर वरच्या वजनामुळे त्याला डुगडुगता येत नाही, तो वाकतो. त्याच्यावरची काच मात्र वाकायला तयार नसते. मग तो ताण तळाच्या काचेवर आणि सांध्यांतल्या सिलिकॉनवर येतो. महिना दोन महिने काही होत नाही, आणि एखाद्या रात्री हॉलभर पाणी. म्हणून नवख्या माणसाने पहिला प्रश्न विचारायचा तो ‘किती कललाय?’ हा नाही. ‘नुसता उतार आहे की पीळ पडलाय?’ हा.

काही खुणा दिसल्या तर मात्र मोजमाप करत बसू नका: तळाच्या कडेला सतत ओल, सिलिकॉनच्या सांध्यात नवे बुडबुडे किंवा पांढरट सुटलेली रेघ, काचेतून येणारा ‘टिक्’ असा आवाज, केसाएवढी का होईना चीर. फरशीवर पाणी असेल तर आधी भिंतीकडचा मेन स्विच बंद करा, मग पाइप टाकून पाणी निम्म्यावर आणा. निम्म्यावर का, तर समोरच्या काचेला बाहेर ढकलणारा एकूण जोर खोलीच्या वर्गाने कमी होतो. माझ्या मापाच्या टँकमध्ये २ फूट पाण्याचा जोर सुमारे २२५ किलोचा. पाणी एक फुटावर आलं की तोच ५६-५७ किलो. पंधरा-वीस मिनिटांच्या कामात तीन चतुर्थांश धोका गेला.

मोजायचं कसं

भरलेल्या टँकइतकी चांगली पाणसळ बाजारात मिळत नाही, कारण पाणी स्वतःच सपाट असतं. फिल्टर आणि एअर पंप बंद करा, दहा मिनिटं थांबा. मिलिमीटरच्या खुणांची स्टीलची पट्टी घ्या आणि चारही कोपऱ्यांवर काचेच्या वरच्या काठापासून पाण्याच्या रेघेपर्यंतचं अंतर मोजा. डोळा पाण्याच्या पातळीत हवा, वरून वाकून वाचू नका. पाणी काचेला लागून किंचित वर चढतं. त्यामुळे खालची रेघ धरायची ठरवली तर चारही ठिकाणी खालचीच.

माझं माप असं आलं: पुढचा डावा ३२ मिमी, पुढचा उजवा ३८, मागचा उजवा ४१, मागचा डावा ३५. आकडा लहान म्हणजे पाणी काठाजवळ, म्हणजेच तो कोपरा खाली. पुढचा डावा सगळ्यांत खाली, मागचा उजवा सगळ्यांत वर.

आता समोरासमोरच्या कोपऱ्यांची बेरीज करा. ३२ आणि ४१ म्हणजे ७३. ३८ आणि ३५ म्हणजेही ७३. दोन्ही बेरजा सारख्या, तर टँक सरळ एका पातळीत कललाय, पीळ नाही. समजा पुढच्या डाव्याला ३२ऐवजी २९ आले असते, तर ७० विरुद्ध ७३. अशा वेळी सावध व्हायचं.

सावध म्हटलं, घाबरायचं नाही. आपल्याकडचे बहुतेक टँक दुकानात हाताने काच कापून जोडलेले असतात, त्यात काठच मुळात एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे असतो. पहिल्या दिवशीची मापं लिहून ठेवली असतील तर ती चूक लगेच कळते. नसतील तर टँकच्या तळाशी बघा. टँक आणि स्टँड यांच्या मधे घातलेल्या थर्माकोलची जाडी चारही कोपऱ्यांत मोजा. तीन कोपऱ्यांत दबलेला आणि चौथ्यात फुगीर असेल, किंवा एखाद्या कोपऱ्यात काच आणि थर्माकोल यांच्यामध्ये व्हिजिटिंग कार्ड सहज आत सरकत असेल, तर पीळ आहे. तसंच कार्ड स्टँडच्या प्रत्येक पायाखाली सरकवून बघा. एखादा पाय अधांतरी असला तर कार्ड लोण्यातल्या सुरीसारखं जातं.

माझा हिशेब असा: ४ फुटांच्या लांबीत ३ मिमीपर्यंत आणि रुंदीत १-२ मिमीपर्यंत फरक असेल तर तारीख टाकून मापं लिहायची आणि महिन्याने पुन्हा बघायचं. त्यापलीकडे गेला तर दुरुस्ती. मागून पुढे आलेला उतार मी जास्त मनावर घेतो, कारण अरुंद, उंच वस्तू पडते ती पुढेच, आणि पुढे घरातली पोरं बसलेली असतात. पीळ नक्की झाला, तर तो दिसेल त्या आठवड्यातच काढायचा.

दोष कुणाचा

तीन जण संशयित असतात: फरशी, स्टँड आणि थर्माकोल. स्टँडच्या पायांजवळच्या फरश्या नाण्याने वाजवून बघा. भरीव फरशी टणक वाजते, खाली मसाला न भरलेली पोकळ वाजते, आणि पोकळ फरशीवर पाय असेल तर ती आज ना उद्या खचते. टाइलच्या सांध्यात नवी भेग, एका टाइलची कड दुसरीपेक्षा वर आलेली, याही खुणा बघा. स्टँड लाकडी असेल तर खालची कड दाबून बघा; पार्टिकल बोर्ड पाणी पिऊन बिस्किटासारखा फुगतो, आणि तो फुगला असेल तर पाचर-बिचर काही नाही, स्टँडच बदला. लोखंडी असेल तर पायांखालचे रबरी बूट काढून बघा, एखादा चेपून पापड झालेला सापडतो.

माझ्याकडे दोष फरशीखाली होता. घर अकोल्यात, तळमजल्यावर, काळ्या मातीवर. ही माती उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते. फुगते तीही सगळीकडे सारखी नाही, जिथे पाणी मुरतं तिथे जास्त. टँकमागची भिंत बाहेरची, आणि तिच्या उजव्या कोपऱ्याशी गच्चीच्या पाण्याचा पाइप उतरतो. मागचा उजवा कोपरा का वर आला होता हे त्या पाइपाखालचा चिखल बघून कळलं. टँक डावीकडे बसला असं मी चार दिवस सगळ्यांना सांगत होतो. प्रत्यक्षात उजवीकडून उचलला गेला होता.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांसाठी एकच गोष्ट. राहत्या खोल्यांच्या स्लॅबसाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला साधारण २०० किलो वापरातला भार धरतात, आणि असा टँक अर्ध्या चौरस मीटरहून थोड्या जास्त जागेत साडेचारशे किलो ठेवतो. भार आजूबाजूला वाटला जातो, म्हणून भिंतीला लागून, बीमच्या वर ठेवलेले टँक वर्षानुवर्षं राहतात. पण खोलीच्या मधोमध ठेवलेला टँक कलला असेल आणि खालच्या मजल्याच्या छताला नवी भेग दिसत असेल, तर पाणी काढा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

कामाचा दिवस

सकाळी लवकर सुरू करा, आणि शक्यतो एप्रिल-मेमध्ये करू नका. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, टबातले मासे दुपारपर्यंत धापा टाकू लागतात. घरचे धरून चार धडधाकट माणसं हवीत. टँक उचलायच्या वेळी शेजारच्या काकांना बोलवू, असं आयत्या वेळेवर सोडू नका.

आदल्या दिवशी माशांना खायला घालू नका, टबातलं पाणी त्यांच्या विष्ठेने लवकर नासतं. साबण कधी न लागलेले ड्रम किंवा मोठे टब आणून ठेवा. आमच्याकडे नळ रोज येत नाही, त्यामुळे जुनं पाणी जपणं भागच असतं. पण नळ रोज येत असला तरी निम्म्याहून जास्त जुनंच पाणी परत घालायचं आहे. वीज जाते म्हणून बॅटरीवरचा एअर पंप हाताशी ठेवा.

पहिलं काम हीटर बंद करणं. बंद केल्यावर वीस मिनिटं तो पाण्यातच राहू द्या, गरम नळी हवेत आली की तडकते. मग बाकीचे सगळे प्लग काढा. फिल्टरमधला स्पंज आणि सिरॅमिकच्या नळ्या टँकच्याच पाण्याच्या बादलीत घाला आणि त्यात एअर स्टोन, म्हणजे एअर पंपाच्या नळीला लावायचा बुडबुडे सोडणारा दगड, सोडा. टँक पाळतात ते खरे या स्पंजातले जिवाणू. ‘आलोच आहोत तर’ म्हणून तो नळाखाली धुतलात, तर क्लोरीनने ते मरतील आणि आठवड्याने मासे का मरताहेत हे कळणार नाही.

पाणी एक तृतीयांश उरलं की मासे पकडा, भरलेल्या टँकमध्ये पळापळ फार होते. माझ्याकडे दोन ऑस्कर आणि एक सकर आहे. ऑस्कर मी छोट्या टबानेच उचलतो. सकर जाळीत घेऊ नका. त्याच्या परांचे काटे जाळीत अडकतात आणि मग कात्रीने जाळी कापायची वेळ येते. टबावर झाकण किंवा ओली चादर बांधा. आमच्या मोठ्या ऑस्करने एकदा थेट सोफ्याखाली उडी मारली होती.

यानंतर दोन रस्ते आहेत. सरावलेली माणसं टँकमध्ये दोन-तीन इंच पाणी आणि खडी ठेवूनच पहारीने स्टँडची एक बाजू चार-पाच मिलिमीटर उचलतात आणि खाली तुकडा सरकवतात. हे जमतं, पण एका टोकाचे दोन्ही पाय एकदम उचलले गेले नाहीत तर जो पीळ काढायला निघालात तोच आणखी वाढतो. नवख्याने खडीसकट सगळं काढून टँक खाली उतरवावा. १० मिमी काचेचा रिकामा टँक ६५ किलोच्या आसपास भरतो. तो उचलताना वरच्या काचपट्ट्यांना धरू नका, चौघांचेही हात तळाखाली हवेत. गादीवर ठेवा, उघड्या फरशीवर नको.

मी टँक उतरवला तेव्हा थर्माकोलवर, मागच्या बाजूला, हरभऱ्याएवढा एक खळगा दिसला. त्यात खडीचा एक दाणा रुतून बसला होता. मार्चमध्ये टँक बसवताना तो खाली राहिला असणार. सहा महिने त्या दाण्याने तळाच्या काचेला एकाच ठिकाणी खालून टोचलं होतं, आणि काच फुटली नाही ते केवळ थर्माकोलने त्याला पोटात घेतलं म्हणून. मला तो उतारापेक्षा जास्त घाबरवून गेला.

स्टँड आणि सनमायका

रिकामा स्टँड जागेवर ठेवा आणि पिळाची सुताराची परीक्षा करा. वरच्या चौकटीच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांना दोन दोरे ताणून बांधा, एक दुसऱ्यावरून जाणारा. मधोमध ते एकमेकांना जेमतेम टेकले तर चौकट सपाट. मध्ये फट दिसली, किंवा खालचा दोरा वरच्याला ढकलून वर उचलत असला, तर चौकटीला पीळ आहे. आता पायांखाली तुकडे घालून दोऱ्यांची फट जाते का बघा. गेली तर फरशीचा दोष. सपाट जागेवर नेऊनही राहिली तर स्टँड वेल्डरकडे.

पाचर म्हणून लाकडाची ढलपी, घडी घातलेला पुठ्ठा, नाणी, यातलं काहीही नको. लाकूड ओलीने फुगतं, पुठ्ठा भिजला की लगदा. सनमायकाचे तुकडे सगळ्यांत सोपे: फर्निचरवाल्याकडे कतरण फुकट मिळते, १ मिमीचा सनमायका मागितला की मोजणी तुकड्यांची होते, आणि तो दबतही नाही, फुगतही नाही. ३ इंच बाय ३ इंच कापून घ्या. त्याखाली प्रत्येक पायाला ४ इंची चौरस, ६ मिमी जाड लोखंडी पट्टी द्या, रेड ऑक्साइड मारलेली, म्हणजे वजन एका टाइलच्या एका टिंबावर न येता पसरेल.

किती तुकडे लागतील ते आधीच्या मापांवरूनच निघतं. सगळ्यांत वरचा कोपरा तसाच ठेवायचा, बाकीचे त्याच्यापर्यंत उचलायचे. माझा मागचा उजवा ४१ होता, त्याला शून्य. पुढच्या उजव्याला ४१ वजा ३८, म्हणजे ३ तुकडे. मागच्या डाव्याला ६. पुढच्या डाव्याला ९. स्टँडला सहा पाय असतील तर मधल्यांना दोन्ही बाजूंची सरासरी: पुढच्या मधल्याला ६, मागच्या मधल्याला ३. मधले पाय विसरण्याची चूक फार जण करतात. चार कोपरे नीट बसतात, मधले लटकत राहतात, आणि टँक भरला की चौकट मध्ये झोळ खाते. हे आकडे पहिला अंदाज समजा. मग पाणसळ लांबीला, रुंदीला आणि दोन्ही कर्णांवर ठेवून एखादा तुकडा कमी-जास्त करा. शेवटी व्हिजिटिंग कार्ड घेऊन सहाही पाय तपासा.

पाय नसलेलं, सपाट बुडाचं लाकडी कॅबिनेट असेल तर चार कोपऱ्यांत तुकडे घालून भागत नाही. कडेकडेने दर सहा इंचांवर आधार द्यावा लागतो.

आणि हे सगळं स्टँड आणि फरशी यांच्या मधे. टँक आणि स्टँड यांच्या मधे काहीही सरकवायचं नाही, एक कागदही नाही. तिथे फक्त थर्माकोल, नवा, अखंड, जास्त घनतेचा. माझ्याकडे १२ मिमीचा आहे. थर्माकोल कणभर खडबडीतपणा पोटात घेतो, उतार काढत नाही. जाड थर्माकोल घातला की टँक आपोआप सरळ बसेल, असं सांगणारे भेटतात. त्यांना नमस्कार करून पुढे जा. मात्र तळाला चहूबाजूंनी प्लास्टिकची चौकट असलेला, कंपनीचा तयार टँक असेल तर थर्माकोल मुळीच नको. त्याच्या तळाची काच मुद्दाम अधांतरी ठेवलेली असते, खालून थर्माकोलने वर रेटली की तीच तडकते.

टँक परत ठेवण्याआधी थर्माकोलवरून आणि टँकच्या बुडावरून तळहात फिरवा. फडक्याला न लागलेला दाणा हाताला लागतो.

भरताना घाई नको

एक तृतीयांश भरा, चार कोपरे मोजा. निम्मा भरा, दोन तास जाऊ द्या, पुन्हा मोजा. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त हललं असेल तर इथेच थांबून पाणी काढायचं. पूर्ण भरल्यावर काही करता येत नाही, आणि भरलेल्या स्टँडखाली जॅक लावायचा मोह झाला तर वर सांगितलेला पीळ आठवा. ठीक असेल तर जुनं पाणी घाला, वरची भर नव्या पाण्याची, क्लोरीन मारणारं औषध घालून. फिल्टर लगेच सुरू करा. हीटर पूर्ण पाण्यात बुडाल्याशिवाय त्याचा प्लग लावू नका. टबातलं आणि टँकमधलं पाणी हाताला सारखं लागलं की मासे सोडा. आमचे ऑस्कर पहिले दोन दिवस रुसून कोपऱ्यात उभे होते, तिसऱ्या दिवशी हातातून खाऊ लागले.

दुसऱ्या दिवशी मोजा, आठवड्याने मोजा. चारही आकडे तारखेसह कागदी टेपवर लिहून स्टँडच्या आतल्या बाजूला चिकटवा.

माझ्या स्टँडच्या आत आता अशा पाच टेपा आहेत. सप्टेंबरात दुरुस्तीनंतर चारही कोपरे ३६-३७वर आले. त्याच आठवड्यात प्लंबरकडून गच्चीचा पाइप वाढवून पाणी भिंतीपासून दहा फूट लांब, थेट गटारात सोडलं. मेमध्ये माती आकसली तेव्हा उजवा कोपरा ४ मिमी खाली गेला, आणि मी पुन्हा एकदा पाणी उतरवून डावीकडचे तुकडे कमी केले. त्यानंतरच्या सप्टेंबरातली टेप सांगते: ३६, ३७, ३८, ३७.